मोटार कोणत्या देशाची? उत्तर अमेरिकेतील करारांची साठ वर्षे

नदीच्या एका तीरावर अमेरिकेचे डेट्रॉइट आणि दुसऱ्या तीरावर कॅनडाचे विंडसर. या दोन शहरांना जोडणारा अँबॅसेडर पूल १९२९ पासून वाहतुकीला खुला आहे. मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो ओलांडून कॅनडात येणाऱ्या मोटारीवर १७.५ टक्के आयातशुल्क भरावे लागत असे. ते टाळण्यासाठी अमेरिकी कंपन्यांनी कॅनडातच कारखाने उभारले होते. पण लहान बाजारपेठेसाठी अनेक मॉडेल थोड्या थोड्या संख्येने तयार करायची, त्यासाठी यंत्रांवरचे साचे पुन्हा पुन्हा बदलायचे, अशा पद्धतीमुळे तीच मोटार कॅनडात महाग पडत असे.

१६ जानेवारी १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान लेस्टर पिअरसन यांनी टेक्सासमध्ये एका करारावर सह्या केल्या आणि मोटारी व त्यांचे सुटे भाग यांवरील शुल्क उठले. कॅनडाने मात्र ही सवलत ग्राहकांना न देता उत्पादकांपुरतीच ठेवली. एखाद्या कॅनेडियन नागरिकाने सीमेपलीकडून स्वतः नवी मोटार आणली, तर त्याचे शुल्क काही चुकत नसे. कंपन्यांनाही सवलत हवी असेल, तर कॅनडात जितक्या मोटारी विकल्या जातील त्याच्या ठरावीक प्रमाणात तिथे मोटारी तयार कराव्या लागत. म्हणजे मुक्त व्यापाराच्या नावाखाली उत्पादनाची वाटणीच झाली होती, आणि ती कॅनडाने विचारपूर्वक मागून घेतली होती.

परिणाम वेगाने दिसला. प्रत्येक कारखान्याने सगळी मॉडेल तयार करण्याऐवजी एक-दोनच मॉडेल संपूर्ण खंडासाठी तयार करावीत, अशी रचना झाली आणि काही वर्षांतच कॅनडात जुळणी झालेल्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या. आराखडे आणि संशोधन मात्र अमेरिकेच्या मिशिगन राज्यातच राहिले. जपान आणि युरोपीय संघाच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेने हा करार नियमबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये तो संपुष्टात आला. तोवर त्याने घडवलेली साखळी पक्की झाली होती.

दरम्यान मेक्सिकोही या साखळीत आला होता. तिथल्या सरकारने १९६२ मध्ये देशी सुट्या भागांची सक्ती करून मोटारउद्योगाचा पाया घातला होता, पण त्या उद्योगाला खंडव्यापी बाजारपेठ खुली झाली ती १ जानेवारी १९९४ पासून, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील नाफ्टा या मुक्त व्यापार करारामुळे. पुएब्ला, साल्टियो, सिलाओ, आग्वासकालिएन्तेस या शहरांतील कारखान्यांमागे कमी मजुरी हे कारण आहेच. परंतु मजुरी कमी असलेले देश जगात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी कोणालाही अमेरिकेत शुल्काविना मोटार पाठवण्याचा असा हक्क नव्हता.

हा हक्क मिळवण्याची अट टक्क्यांत लिहिलेली होती. नाफ्टानुसार प्रवासी मोटारीच्या निव्वळ खर्चापैकी किमान ६२.५ टक्के वाटा तीन देशांतून आलेला असला पाहिजे. खरी मेख मोजणीत होती. ज्या आयात भागांचा माग काढायचा, त्यांची यादी करारासोबतच ठरली होती. यादीबाहेरच्या भागाचे परदेशी मूल्य हिशेबात धरलेच जात नसे. पुढे मोटारीत इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढत गेली, यादी मात्र जुनीच राहिली, आणि कागदावरची टक्केवारी व प्रत्यक्षातली मोटार यांच्यातले अंतर वाढत गेले.

१ जुलै २०२० पासून नाफ्टाच्या जागी लागू झालेल्या नव्या करारात ती यादी गेली आणि अट ७५ टक्क्यांवर पोहोचली. कंपनीच्या पोलाद व ॲल्युमिनियमच्या खरेदीपैकी ७० टक्के खरेदी याच खंडातून हवी, असे ठरले. शिवाय प्रवासी मोटारीच्या मूल्यातील ४० टक्के आणि हलक्या ट्रकच्या मूल्यातील ४५ टक्के वाटा ताशी सरासरी १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यावा, अशी अट आली. ती मेक्सिकोतील मजुरी वाढवण्यासाठी असल्याचे सांगितले गेले; पण त्या दराच्या जवळपासही मेक्सिकोतील मजुरी नसल्याने, कंपनीला ती पूर्ण करण्याचा सोपा मार्ग म्हणजे काम उत्तरेकडे ठेवणे हाच उरतो. मेक्सिकन कामगारांना अधिक उपयोगी पडले ते दुसरे कलम, म्हणजे कारखान्यातील संघटना-स्वातंत्र्याच्या तक्रारींवर झटपट कारवाई करणारी यंत्रणा. तिचा वापर झाल्यानंतर सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कामगारांनी २०२२ च्या फेब्रुवारीत मतदानाने नवी स्वतंत्र संघटना निवडली.

टक्केवारीचा वाद तरीही मिटला नाही. इंजिनासारखा मुख्य भाग स्वतःची अट पूर्ण करत असेल, तर संपूर्ण मोटारीच्या हिशेबात तो शंभर टक्के प्रादेशिक धरायचा की त्यातील परदेशी अंश वेगळा काढायचा? मेक्सिको आणि कॅनडाने हा प्रश्न लवादापुढे नेला आणि २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेला निकाल त्यांच्या बाजूने लागला.

या साऱ्या अटींची ताकद एका बाहेरच्या आकड्यावर अवलंबून होती. करार न पाळणाऱ्या प्रवासी मोटारीवर अमेरिकेचे सर्वसाधारण शुल्क २.५ टक्केच होते. त्यामुळे अटी पाळण्याचा खर्च त्याहून जास्त पडला, तर शुल्क भरून मोकळे होणे कंपनीला परवडत असे. ट्रकवर मात्र १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे आणि म्हणून ट्रकच्या बाबतीत कराराला खरी धार होती.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून आयात मोटारींवर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले. कराराच्या अटी पाळणाऱ्या मोटारींना यातून पूर्ण सूट मिळाली नाही. त्यांच्यातील अमेरिकेबाहेरच्या मूल्यावर शुल्क द्यावे लागेल, असे ठरले. आजवर कॅनडाच्या ओंटारियोत किंवा मेक्सिकोच्या साल्टियोत तयार झालेला भाग हिशेबात ‘आपला’ धरला जात होता. नव्या हिशेबात तोच भाग परका ठरला. एका नव्या मॉडेलसाठी कंपन्या कित्येक वर्षे आधी कारखाना आणि पुरवठादार निश्चित करतात, आणि करारात तर २०२६ च्या जुलैमध्ये संयुक्त फेरआढावा घेण्याचे कलम आहे. तीनही देशांची संमती मिळाली तर मुदत वाढते. ती न मिळाल्यास २०३६ पर्यंत दरवर्षी आढावा घेतला जातो.