नाकतोडे

[दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. विमानवाहू जहाजाचा डेक. त्यावर तीन चिमुकली विमानं.]

९ नोव्हेंबर १९४२. समोर मोरोक्कोचा किनारा. 'रेंजर' या अमेरिकन जहाजावरून ही तीन विमानं आता उडणार आहेत. पंखांवर कापड ताणलेलं, इंजिन जेमतेम ६५ अश्वशक्तीचं. पेट्रोल किती उरलंय ते दाखवायला काटा नाही. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते, तिच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल संपत आलं की बूच खाली जातं आणि वैमानिकाच्या काचेसमोरची ती तारही खाली जाते.

विमानं किनाऱ्याकडे निघाली, आणि त्यांच्यावर पहिला मारा केला तो स्वतःच्याच जहाजांनी. पुढे तिघांपैकी एक विमान गोळ्या लागून खाली आलं, त्याचा वैमानिक जखमी झाला. अमेरिकन तोफखान्याच्या स्वतःच्या विमानांची युद्धातली ही पहिली कामगिरी.

तोफखान्याला विमान कशाला हवं?

[दृश्य: टेकडीआड लावलेली हॉवित्झर तोफ.]

ही १०५ मिलिमीटरची तोफ. गोळा साधारण ११ किलोमीटर जातो. पण तोफेपाशी उभ्या असलेल्या माणसाला समोर दिसते फक्त टेकडी. गोळा पडला कुठे, हे दुसऱ्या कुणीतरी उंचावरून पाहून सांगावं लागतं. देवळालीच्या तोफखाना शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, हेच सांगतील.

उंचावरच्या त्या डोळ्यांचा शोध जुना आहे. १८६१ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, थॅडियस लो फुग्यात बसून वर गेला आणि खाली तारेने संदेश पाठवू लागला. १९१६ मध्ये जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिको मोहिमेत आठ कर्टिस विमानं होती. टेहळणी करायची, टपाल आणि हुकूम पोचवायचे, हे त्यांचं काम. डोंगरातले वारे आणि उंची त्यांना झेपली नाही. महिनाभरात आठातली दोनच उरली.

त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत टेहळणी विमानं मोठी, जड आणि महाग होत गेली. ती हवाई दलाच्या ताब्यात असत, त्यांना नीट धावपट्टी लागे, आणि तोफखान्याने मागितली की वेळेवर मिळतीलच असं नव्हतं. १९४० मध्ये फ्रान्सच्या आकाशात ब्रिटिशांची लायसँडर विमानं धडाधड पडली, तेव्हा या जातीच्या विमानाचे दिवस भरल्याचं दिसून आलं. मोठं विमान लढाऊ विमानापासून पळू शकत नव्हतं, आणि शेतात उतरून लपूही शकत नव्हतं.

मार्ग निघाला तो हौशी वैमानिकांच्या विमानातून. १९४१ च्या युद्धसरावांत पायपर, एरोंका आणि टेलरक्राफ्ट या कंपन्यांनी आपली छोटी विमानं लष्कराला वापरायला दिली. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसजवळ असंच एक पायपर कब खाचखळग्यांतून उड्या मारत उतरलं. ते पाहून जनरल इनिस स्विफ्ट म्हणाले, हा तर अगदी नाकतोडा! नाव चिकटलं. ६ जून १९४२ रोजी तोफखान्याला स्वतःची विमानं ठेवायची मंजुरी मिळाली आणि ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल इथे प्रशिक्षण सुरू झालं.

[दृश्य: शेताच्या कडेला झाडाखाली उभं केलेलं एल-४, म्हणजे लष्करातलं पायपर कब.]

तोफखान्याच्या प्रत्येक बटालियनला दोन विमानं, डिव्हिजनला दहा. माझ्या मते खरी क्रांती या वाटपात आहे. विमान त्याच शेतात उभं, जिथे तोफा आहेत. वैमानिक तोफखान्याचाच माणूस, तोफेची भाषा बोलणारा. हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करायचं, गाडीवाटेवरून उडायचं आणि आपल्याच सैन्याच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या. रेडिओवर सांगायचं: शंभर यार्ड उजवीकडे, दोनशे पुढे. पुढचा गोळा आणखी जवळ. मग साऱ्या तोफा एकदम.

जर्मन सैनिकांपुढे पेच असे. हे विमान ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रेंगाळतं, पाडायला सोपं वाटतं. पण गोळी झाडली तर आपली जागा उघडी पडणार, आणि थोड्याच वेळात तिथे तोफगोळे येणार. त्यामुळे कब आकाशात असेपर्यंत त्यांच्या तोफा बऱ्याचदा गप्प राहत.

इलिनॉयमधला इतिहासाचा शिक्षक चार्ल्स कार्पेंटर याने आपल्या एल-४ च्या पंखांखाली सहा बझुका (रणगाडे फोडणारी रॉकेटं सोडणाऱ्या नळ्या) बांधले आणि १९४४ मध्ये फ्रान्समध्ये रणगाड्यांवर डागले. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. पण या विमानांनी युद्धाला दिलेलं खरं योगदान त्या शांत घिरट्यांत होतं.

[दृश्य: नकाशा. आसाम आणि ब्रह्मदेश.]

आता आपल्या जवळ या. सिलचरजवळचं लालाघाट. १९४४ मध्ये इथून अमेरिकेची पहिली एअर कमांडो तुकडी ब्रह्मदेशात चिंदितांना, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या ब्रिटिशांच्या तुकड्यांना, मदत करत होती. स्टिन्सन कंपनीची एल-१ आणि एल-५ विमानं जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यांवर उतरत आणि जखमींना घेऊन परतत. एप्रिलमध्ये जखमींना नेणारं एक एल-१ शत्रूच्या मुलखात कोसळलं. वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले. लेफ्टनंट कार्टर हार्मन सिकॉर्स्कीचं नवंकोरं हेलिकॉप्टर घेऊन गेला. त्यात एका वेळी एकच माणूस मावे, म्हणून एकेक करत त्याने चौघांना बाहेर काढलं. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने माणसं वाचवण्याची ही पहिली घटना. पुढे हलक्या विमानांची अर्धी कामं ज्याने घेतली, ते यंत्र त्यांच्याच मदतीला आलं होतं.

[दृश्य: सेस्नाचं बर्ड डॉग, वरून दिसणारी भातशेती.]

१९५० मध्ये लष्कराने सेस्नाचं एल-१९ निवडलं. कापड गेलं, सगळं शरीर धातूचं झालं, इंजिन २१३ अश्वशक्तीचं. नाव बर्ड डॉग, शिकार हुंगून दाखवणारा कुत्रा. ते कोरियात लढलं, मग व्हिएतनाममध्ये. तिथे हे विमान धुराचे रॉकेट सोडून लक्ष्य दाखवी आणि जेट विमानं मागून मारा करत. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी कॅप्टन हिलियार्ड विल्बँक्सची रॉकेट संपली. खाली दक्षिण व्हिएतनामचे 'रेंजर' सैनिक सापळ्यात सापडले होते. तो खिडकीतून रायफल चालवत पुन्हा पुन्हा शत्रूवर झेपावत राहिला. त्यातच त्याचा जीव गेला. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

[दृश्य: समुद्र. 'मिडवे' हे अमेरिकन विमानवाहू जहाज.]

एप्रिल १९७५ चा शेवट. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडतंय. एक बर्ड डॉग 'मिडवे'वर घिरट्या घालतं. आत दक्षिण व्हिएतनामचे मेजर बुआंग ली, त्यांची पत्नी आणि पाच मुलं. दोघांच्या विमानात सात जीव. मेजर वरून चिठ्ठ्या टाकतात, काही वाऱ्याने समुद्रात जातात. एक हाती लागते: हेलिकॉप्टर बाजूला करा, मी उतरू शकतो.

कॅप्टन लॉरेन्स चेंबर्स डेकवरची हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला सांगतात. विमानाला अडकवायचा हूक नाही, म्हणून विमान थांबवणाऱ्या डेकवरच्या तारा काढल्या जातात. जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने निघतं. समोरून येणारा वारा आणि जहाजाचा वेग वजा केला, तर विमानाचा डेकवरचा वेग धावत्या सायकलीइतकाच उरतो.

चाकं टेकतात, एकदा उडी मारतात, पुन्हा टेकतात. विमान थांबतं. डेकवर टाळ्या, आरोळ्या. आणि दार उघडून एकेक मूल बाहेर येऊ लागतं.