पाचारण घराण्यात चालत येते का?

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये काय किंवा वाशी-नेरूळकडच्या एखाद्या चर्चमध्ये काय, नुकतीच गुरुदीक्षा झालेल्या तरुण धर्मगुरूची पहिली मिस्सा, म्हणजे वेदीवरचा उपासनाविधी, आटोपली, की मांडवात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "कोणाच्या घरातला हा?" मग एखादी जाणती बाई लगेच नाते लावून दाखवते. याचे थोरले काका फादर आहेत, आत्या सिस्टर आहे, आजीचा एक भाऊही सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, होता. ऐकणाऱ्याचे समाधान होते आणि तो म्हणतो, "म्हणजे घराण्यातच आहे यांच्या." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते कौतुकाने म्हटले जाते. पण ते खरे आहे का, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होण्याची जी आतून येणारी ओढ असते, तिला आम्ही कॅथलिक लोक पाचारण म्हणतो. ते माणसाने स्वतः निवडलेले करिअर नसून देवाने घातलेली साद आहे, अशी आमची श्रद्धा आहे. आमच्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू अविवाहित असतात, त्यामुळे गादी बापाकडून मुलाकडे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घराण्यात काही चालत आलेच, तर ते काकाकडून पुतण्याकडे, मामाकडून भाच्याकडे, मावशीकडून भाचीकडे, किंवा मग भावंडांमध्ये आपापसांत असेच येऊ शकते. केरळातल्या संत थोमाच्या ख्रिस्ती समाजात आर्चडीकन हे मोठ्या अधिकाराचे पद पकलोमट्टम घराण्यात मामा-काकांकडून भाचे-पुतण्यांकडे पिढ्यानपिढ्या जात राहिले. ते मात्र पद होते. मी पदाविषयी बोलत नाही, ओढीविषयी बोलतो आहे.

एकाच घरात ही ओढ अनेकांना लागल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. शुभवर्तमानातच येशूने ज्या पहिल्या चौघांना हाक मारली, ते पेत्र आणि आंद्रेया, याकोब आणि योहान असे कोळ्यांच्या घरांतले दोन-दोन सख्खे भाऊ होते. चौथ्या शतकातील संत बेझिल, त्यांचे भाऊ निस्साचे ग्रेगरी आणि सेबास्तेचे पीटर, बहीण मॅक्रिना आणि त्याच नावाची त्यांची आजी, हे सगळे एका घरातले संत. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले योसेफ रॅट्झिंगर आणि त्यांचे थोरले भाऊ गेओर्ग यांची गुरुदीक्षा एकाच दिवशी, २९ जून १९५१ रोजी झाली. इंग्लंडमधल्या व्हॉन कुटुंबातील आठ मुलग्यांपैकी सहाजण धर्मगुरू झाले, त्यांतले तिघे बिशपपदापर्यंत पोहोचले, आणि थोरले हर्बर्ट तर कार्डिनल झाले. आणि मराठी श्रोत्यांना मी काय सांगावे? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे आपल्या डोळ्यांसमोर आहेतच. तिथे तर थोरला भाऊच धाकट्याचा गुरू झाला.

तरीही एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्या घरातून तीन धर्मगुरू निघाले ते घर सगळ्यांच्या लक्षात राहते. ज्या शेकडो भाविक घरांतून एकही निघाला नाही, त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. शिवाय भावंडांची शाळा एक असते, धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समाज, एक असतो, मिस्सेच्या वेळी वेदीसेवा शिकवणारे फादरही एकच असतात. मग ओढ घराने लावली की त्या फादरांनी, हे वेगळे काढणार कसे? रक्ताचा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही. व्हॉन कुटुंबातली आई, एलायझा, जन्माने कॅथलिकही नव्हती. आपल्या मुलांना पाचारण लाभावे म्हणून ती रोज तासभर प्रार्थना करी, असे तिच्याविषयी सांगितले जाते. तिने मुलांना दिले ते रक्तातून नव्हे.

या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवणारे कुटुंब म्हणजे फ्रान्समधले मार्टिन कुटुंब. आपल्याकडे छोटी तेरेजा म्हणून जी संत घरोघरी ठाऊक आहे, तिचे हे माहेर. वडील लुई घड्याळजी, आई झेली आलाँसाँ गावची प्रसिद्ध लेस विणणारी कारागीर आणि त्या व्यवसायाची मालकीण. लग्नापूर्वी दोघांनीही मठात जाण्याचा प्रयत्न केला होता. लुईला लॅटिन येत नव्हते म्हणून परत पाठवले गेले आणि झेलीलाही नकार मिळाला. १८५८ साली त्यांचा विवाह झाला. नऊ अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. उरलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. एवढे ऐकले की वाटते, आईबापांनी आपली अपुरी इच्छा मुलींकडून पुरी करून घेतली. पण सनावळी नीट पाहिली तर चित्र वेगळे दिसते. झेली १८७७ साली कर्करोगाने वारली, तेव्हा तेरेजा चार वर्षांची होती आणि एकही मुलगी मठात गेलेली नव्हती. पोलिन गेली ती १८८२ मध्ये, मारी १८८६ मध्ये, तेरेजा १८८८ मध्ये. सेलिन वडिलांची शुश्रूषा करीत घरीच राहिली आणि १८९४ साली त्यांचे निधन झाल्यावरच तिने कार्मेल मठात पाऊल ठेवले. थोरल्या दोघी ल माँ गावच्या ज्या शाळेत शिकल्या, तिथे त्यांची सख्खी मावशी व्हिजिटेशन नावाच्या धर्मसंघाची धर्मभगिनी होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मठाच्या भिंतीआड काय असते, याची भीती त्या मुलींना वाटण्याचे कारण नव्हते, कारण तिथे मावशी होती.

आणि या पाचजणींत माझे लक्ष जिच्यावर खिळते ती तेरेजा नव्हे, तर मधली लेओनी. लहानपणापासून दुखणाईत, हट्टी, अभ्यासात मागे. ती १८८६ साली प्रथम मठात गेली आणि काही आठवड्यांतच परतली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मठात गेली, तिथूनही परतली. १८९३ मध्ये पुन्हा गेली आणि दोन वर्षांनी पुन्हा परतली. १८९९ साली चौथ्यांदा काँ येथील व्हिजिटेशन मठात गेली, आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिली. तीनदा परत आलेल्या या मुलीसाठी घराचे दार प्रत्येक वेळी उघडे होते. वडील होते तोवर वडिलांचे, ते गेल्यावर मामाचे. माझ्या मते पाचारण पिकवणाऱ्या घराची खरी ओळख इथे आहे. जे घर मुलाला जाऊ देते पण परत येऊ देत नाही, ते त्याला साद ऐकण्याचे स्वातंत्र्य देतच नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने घरी परतले, तेव्हा समाजाने त्यांना आणि मुलांना काय भोगायला लावले, हे आपण जाणतो. आमच्याही समाजात सेमिनरीतून परतलेल्या मुलाकडे लोक वर्षानुवर्षे ज्या नजरेने पाहतात, ती पाहिली की जीव तुटतो.

माझे एक मामा धर्मगुरू होते. सणाला ते चरईतल्या आमच्या आजोळी येत, झगा काढून खुंटीला अडकवत आणि स्वयंपाकघरात आजीच्या शेजारी पाट घेऊन कोळंबी सोलायला बसत. सोलता सोलता आपल्या धर्मग्रामातल्या शाळेच्या गळक्या छपराबद्दल कुरकुर करीत, आमच्या परीक्षेतल्या गुणांवरून आम्हाला टोकत. एका सणाला पानावर फुगे (तळलेले गोल पाव) आणि सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे कालवण) वाढलेले असताना कोणीतरी आजाऱ्याचे बोलावणे घेऊन आला. मामा हात धुऊन उठले. आजी "जेवून तरी जा" असे म्हणाली नाही. तिने त्यांच्या ताटावर दुसरे ताट पालथे घातले आणि आम्हा पोरांना त्यातल्या फुग्यांना हात लावू दिला नाही. मामा संध्याकाळी परतले, गार झालेले तसेच जेवले, आपले ताट आपण घासले. त्यांनी आम्हाला धर्मगुरू होण्याविषयी कधी उपदेश केल्याचे मला आठवत नाही. पण ते आयुष्य म्हणजे काय असते, ते माझ्या मावसभावाने आणि मी अगदी जवळून, ताटाला ताट लावून पाहिले. मावसभाऊ पुढे गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत दाखल झाला. मी गेलो नाही. मामा एकच, आजी एकच, आणि वाटा दोन.

म्हणून मला वाटते, घर देते ती सवय आणि ओळख. ज्या घरात फादर म्हणजे केवळ वेदीवरचा माणूस नसून कोळंबी सोलणारा मामाही असतो, त्या घरातल्या मुलाला हा मार्ग आपल्या आवाक्यातला वाटतो. वारी घराण्यात चालते ती अशीच; आजोबांच्या खांद्यावर बसून पंढरीची वाट पाहिलेल्या नातवाला ती परकी वाटत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयीच्या आदेशात श्रद्धेने आणि प्रीतीने भारलेल्या कुटुंबाला जणू पहिली सेमिनरी म्हटले, ते याच अर्थाने.

परंतु घर नसले तर साद येतच नाही असे मुळीच नाही, आणि याचा दाखला आपल्या शेजारच्या वसईचाच आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. त्यांना घडवले ते घरातल्या कोणा धर्मगुरूने नव्हे, तर वसईच्या जेज्वीट या धर्मसंघाच्या गुरूंनी. त्यांच्याबरोबर ते जपानला गेले, संघात प्रवेश मिळेना म्हणून व्यापारी झाले, आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघात सामील झाले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांना क्रूसावर ठार मारण्यात आले, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. असिसीच्या फ्रान्सिसचे वडील तर मुलाच्या निर्णयाने इतके संतापले की प्रकरण बिशपसमोर गेले.

घराण्याच्या अभिमानाला एक काळी बाजूही आहे, ती लपवू नये. युरोपात एके काळी हुंडा वाचावा म्हणून मुलींना मठात ढकलले जाई. चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ साली अशी सक्ती करणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरवली. चर्चच्या आजच्या कायद्याचा, म्हणजे धर्मसंहितेचा, १०२६ वा नियमही सांगतो, की गुरुदीक्षेसाठी कोणावरही, कोणत्याही कारणाने, कोणत्याही प्रकारे सक्ती करणे सर्वथा निषिद्ध आहे. गुरुदीक्षेला वयाची २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि त्याआधी सेमिनरीत अनेक वर्षे जातात, ती विचारासाठीच आहेत. "आमच्या घरात प्रत्येक पिढीत एक फादर असतोच", असे मुलासमोर वारंवार बोलणे हीदेखील मला एक मऊ सक्तीच वाटते.

आता घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या दोन खोल्यांच्या घरांत एक किंवा दोन मुले असतात. नऊ मुलांतला एक देवाला देणे आणि एकुलता एक देणे, यात फार मोठे अंतर आहे. आईला काळजी वाटते ती म्हातारपणाची, आणि तिची ही काळजी श्रद्धेच्या उणिवेतून येते असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मध्ययुगातले थोर ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांना धर्मसंघात जाऊ नये म्हणून भावांनी पकडून रोक्कासेक्काच्या गढीत डांबून ठेवले होते. घराचा विरोध त्यांच्याइतका कोणी सोसला असेल? तरी त्यांनीच पुढे लिहून ठेवले, की आईवडिलांना खरोखर गरज असेल आणि त्यांना सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर त्यांना सोडून मुलाने मठात जाणे योग्य नाही. धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपच्या हाताखाली त्याच्या भागात काम करणारे, धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, त्यामुळे त्यांना आईवडिलांना काही हातभार लावता येतो. संघातल्या व्रतस्थांना मात्र स्वतःचे म्हणून काही उरत नाही, आणि बदलीही दूर होऊ शकते. हा फरक घरी आधीच उघडपणे समजावून सांगितला जात नाही, ही आमच्याकडची मोठी उणीव आहे. पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस चर्च १९६४ सालापासून पाळत आले आहे. त्या दिवशी वेदीवरून तरुणांना आवाहन होते, ते व्हावेच. पण त्याच दिवशी धर्मग्रामातल्या लोकांनी त्या आईशेजारी बसून, ती आजारी पडली तर तिच्या दाराशी कोण येईल, हे तिला नावानिशी सांगावे, असे मला फार वाटते.

नमस्कार.