ठिणगीची दांडी

रंकाळ्याच्या काठावर कोवळ्या उन्हात उभ्या असलेल्या या दोन मोटारींपैकी एक आहे 1927 च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आलेली फोर्ड मॉडेल ए, आणि दुसरी आहे कोल्हापुरात गल्लोगल्ली दिसणारी मारुती अल्टो के-10. पहिलीचे चार सिलिंडरचे, सुमारे 3.3 लिटरचे इंजिन 40 अश्वशक्ती देते. दुसरीचे तीन सिलिंडरचे इंजिन एका लिटरहून किंचित लहान असूनही 60 हून अधिक. आकड्यांत नवी गाडी सरस आहे. आता चालकाच्या हातांकडे पाहा.

अल्टोची किल्ली फिरवली की इंजिन चालू होते. मॉडेल एमध्ये प्रथम डॅशबोर्डखालचा पेट्रोलचा कॉक उघडावा लागतो. टाकी समोरच्या काचेपुढे उंचावर असल्याने पेट्रोल पंपाविना, केवळ उताराने कार्बोरेटरकडे येते. मग स्टिअरिंगच्या डावीकडची दांडी पूर्ण वर सरकवायची, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल पेटवणारी ठिणगी उशिरा पडते, आणि उजवीकडची थोडी खाली घेऊन थ्रॉटल उघडायचे. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून किल्ली फिरवायची, चोक ओढायचा आणि पायाने स्टार्टर दाबायचा. इंजिनाने सूर धरला की डावी दांडी हळूहळू खाली आणायची. बॅटरी उतरलेली असेल तर पुढून हँडल मारावे लागते, आणि ठिणगीची डावी दांडी वर करायला विसरलेल्या माणसाचे मनगट उलट्या झटक्याने मोडू शकते. अल्टोत ठिणगीची हीच वेळ संगणक ठरवतो. चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार पाहत आलेल्या या शहराला जुन्या गाड्यांचे अप्रूप आहेच. त्या चालत्या ठेवणारे हात मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतात. रंकाळ्यावर येण्याआधी ही मॉडेल ए शिवाजी उद्यमनगरातल्या एका कार्यशाळेत सुटी होऊन पडली होती. तिच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगसाठी व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू वितळवून थेट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ओततात, तो मापात कातून घेतात, शाफ्टला निळा रंग लावून फिरवतात आणि रंग जेथे उमटेल तेथे स्क्रेपरने हलकेच खरवडतात; शाफ्ट सर्वत्र सारखा टेकेपर्यंत हे पुन्हापुन्हा करावे लागते. ऑइल इंजिने आणि ओतकामाच्या भट्ट्या यांवर घडलेल्या उद्यमनगरात हे काम जाणणारे ज्येष्ठ मिस्त्री आहेत, आणि ते थकण्याआधी आयटीआयच्या मुलांनी त्यांच्याजवळ उभे राहून ते शिकावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

सुरक्षितता आणि धूर यांबाबत मात्र अल्टो फार पुढे आहे, कारण तिच्यात एअरबॅग, ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहेत, तर मॉडेल एचे ड्रम ब्रेक सळ्यांनी ओढले जातात. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळाला, तरी ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

त्या कार्यशाळेत अखेर शेवटचा निळा ठिपका खरवडला गेला. मिस्त्रींनी शाफ्टला एका हाताने फेरा दिला आणि तो अडखळला नाही. ब्लॉक गाडीत चढला, पेट्रोलचा कॉक उघडला आणि डावी दांडी वर सरकली.