सिल उघडताना : एका एमजीबीच्या पत्र्याचं काम

(दृश्य : लिफ्टवर चढवलेली लाल गाडी. कॅमेरा खालून.)

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमधली एक कार्यशाळा. लिफ्टवर आहे 1964 सालची एमजीबी रोडस्टर, एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स गाडी. वरून पाहिली तर लाल, चकचकीत, आज संध्याकाळी फिरवून आणावी अशी. आपण मात्र तिला खालून बघणार आहोत. एमजीबीची तब्येत खालूनच कळते.

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा हा भाग म्हणजे सिल. कारागीर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत पुढे सरकतोय. आवाज ऐका. इथे खणखणीत. इथेही खणखणीत. आणि इथे बद्द. त्याने टोक टेकवलं, फारसा जोरही लावला नाही, आणि टोक आत गेलं.

आतून काय पडतंय बघा. गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल आणि लांबीचे, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचे, जाड तुकडे. कधीतरी कुणीतरी कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवला, कडेने वेल्डिंग मारलं, वर लांबी भरली, रंग दिला. आतला गंज होता तिथेच राहिला. आता त्याला वारा नव्हता आणि पाणी मात्र होतं. पत्र्यावर पत्रा चढवणं ही दुरुस्ती नाही. या चित्रपटात पुढे जे दिसेल ते सगळं त्याच्या उलट आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. ॲबिंग्डनची जुळणी-रांग.)

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेलं हे नाव 1929 साली जवळच्या ॲबिंग्डन गावी आलं. ॲबिंग्डनला पत्रा दाबायची यंत्रं नव्हती. पत्रे प्रेस्ड स्टील या कंपनीच्या स्विंडनच्या कारखान्यात दाबले जात आणि तयार सांगाडे ॲबिंग्डनला येत. तिथे त्यात इंजिन, चाकं, गाद्या बसत. 1962 साली एमजीबी बाजारात आली आणि ऑक्टोबर 1980 मध्ये कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. रोडस्टर आणि पक्क्या छपराची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या.

तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, होती. वरचा पत्रा कुजला तरी खालचा सांगाडा गाडी पेलायचा. एमजीबीला तशी चासी नाही. पत्राच गाडी पेलतो. त्यात रोडस्टरला वरचं छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरणारं जे काही आहे ते कमरेखालीच आहे : मधला बोगदा (दोन गाद्यांमधला लांब पोकळ उंचवटा), तळ आणि हे दोन सिल. सिल गेले की गाडी मधोमध वाकायला लागते. आता जॅक लावल्यावर दाराची मागची फट बघा. गाडी उचलली जातेय तशी ती बदलतेय. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा आहे, आणि सगळा भार त्याच्यावर आहे.

(दृश्य : पुढचं मडगार्ड काढलं जातंय. आतला भाग.)

पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, म्हणून ते निघतं. मागचं वेल्ड केलेलं आहे. मडगार्ड निघाल्यावर सिलचं पुढचं टोक दिसतं आणि गंज इथेच का सुरू झाला तेही दिसतं. चाकाने उडवलेलं पाणी अडवायला इथे एक आडवा पत्रा असतो, त्याच्या कडेला रबर. रबर कडक होऊन तडकलं की चिखल पलीकडे जातो आणि सिलच्या टोकावर साचतो. तो कधी पुरता सुकत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठून बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्या चिखलात ते मीठही असतं. लोखंड, पाणी, हवा आणि वर मीठ. त्या काळी पोकळ भागांच्या आत रंग नीट पोहोचतच नसे, त्यामुळे गंजाला आतून अडवणारं काही नव्हतं.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात, त्यांच्या मध्ये तो फुगतो आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. या सांध्यातली लाट त्याचीच आहे.

(दृश्य : दाराच्या चौकटीत चौकोनी नळ्या वेल्ड होताना.)

कापायच्या आधी हे काम. दाराच्या दोन्ही खांबांमध्ये लोखंडी नळ्या घालून चौकट पक्की करायची. गाडीचं वजन चाकांच्या आधाराच्या जागीच ठेवायचं, जसं ते रस्त्यावर असतं. सगळी मापं आधी लिहून घ्यायची. एकदा सिल कापला आणि गाडी दोन-चार मिलिमीटर बसली, तर ती तशीच वेल्ड होते. मग ते दार आयुष्यभर नीट लागत नाही. अनेक जुन्या गाड्यांची दारं उचलून लावावी लागतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच घाई असते. आणि दोन्ही बाजू एकदम कधीच कापायच्या नाहीत.

(दृश्य : ठिणग्या. ग्राइंडर. बाहेरचा सिल गळून पडतो.)

हे बघाच.

(थोडा वेळ फक्त आवाज.)

बाहेरचा सिल निघाला. आत उभा पत्रा आहे, त्याच्या आत आतला सिल आणि खाली कॅसल रेल, म्हणजे तळाच्या कडेने जाणारी लांब पोलादी पट्टी. एमजीबीचा सिल म्हणजे अशी थरांची पेटी आहे. बाहेरचा एकच थर बदलून गाडी रस्त्यावर आणणारे पुष्कळ आहेत. इथे उभ्या पत्र्याची खालची कड पूर्ण गेली आहे आणि रेलही. म्हणून सगळंच काढायचं. बाहेरचा सिल मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत जातो, म्हणून मडगार्डची खालची पट्टीही कापावी लागते. नव्या मालकांना इथे धस्स होतं. चांगल्या पत्र्याला हात लावल्याशिवाय वाईट पत्रा पूर्ण निघत नाही.

कारखान्यात मारलेले जुने वेल्डचे ठिपके एकेक करून खास ड्रिलने सोडवतात. वरचा पत्रा तेवढा कापला जातो, खालचा शाबूत राहतो. वेळखाऊ आहे. पण ग्राइंडरने सरसकट कापलं तर ज्या कडेवर नवा पत्रा बसायचा तीच जाते.

(दृश्य : लाल रंग घासून काढताना दाराच्या खांबावर फिका निळा.)

लाल रंगाखाली राखाडी प्रायमर. त्याखाली हा फिका निळा : आयरिस ब्लू. गाडी ॲबिंग्डनहून निघाली तेव्हा या रंगाची होती. पुन्हा याच रंगाची होणार आहे.

(दृश्य : नवे पत्रे क्लॅम्पने धरलेले. दार लावून बघणं.)

नवे पत्रे जागेवर आहेत, पण फक्त क्लॅम्पने धरलेले. वेल्डिंगच्या आधी दार बसवायचं. फट बघायची. दार काढायचं, पत्रा हलवायचा, दार पुन्हा बसवायचं. मडगार्ड लावायचं, पुन्हा बघायचं. गाडी देखणी दिसते ती या फटींमुळे, आणि फटी जुळतात त्या इथे. रंगाच्या खोलीत त्यांचं काही करता येत नाही.

मग एमआयजी वेल्डिंग, म्हणजे विजेने तार वितळवून केलेलं वेल्डिंग. वरच्या पत्र्याला भोकं पाडून त्यांतून खालच्या पत्र्याला वेल्ड करतात, जुन्या ठिपक्यांच्या जागी. एका ओळीत सलग मारत नाहीत. एक इथे, दुसरा तिथे, मधे गार होऊ देतात. नाहीतर उष्णतेने पत्रा पिळतो.

(दृश्य : ज्योत. शिशाची कांडी मऊ होताना. लाकडी थापी.)

आता मागचं मडगार्ड आणि सिल यांचा सांधा. इथे लांबी चालली असती. हा कारागीर शिसं भरतो, त्या काळच्या कारखान्यांत असे सांधे भरत तसं. आधी पत्रा घासून स्वच्छ, मग फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावायचं रसायन), मग कथलाचा पातळ हात. तापलेल्या पत्र्यावरून फडकं फिरतं आणि काळा पत्रा क्षणात चांदीसारखा होतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कापसाचा बोळा फिरवतो, तेच हे.

कांडीत शिसं जास्त, कथील कमी. 183 अंश सेल्सिअसला ती मऊ व्हायला लागते आणि पूर्ण वितळते सुमारे 255 अंशांना. मधल्या तापमानात ती लोण्यासारखी असते आणि सगळं काम तेवढ्यात करायचं. ज्योत जवळ आणली, दूर नेली, पुन्हा जवळ. थापीला चरबी लावलेली असते म्हणून शिसं चिकटत नाही. उभ्या पत्र्यावर वितळू पाहणारा धातू थापीने वर चढवायचा. तो हात बघा.

गार झाल्यावर कानस. शिशाला ग्राइंडर किंवा घासकागद लावायचा नाही, त्याची धूळ विषारी असते. कानशीचे कण जड असतात, खाली पडतात, आणि ते गोळा करतात.

(दृश्य : हातोडी आणि डॉली. मग काळा फवारा. लांब फळीने घासणं.)

मडगार्डचे पोचे हातोडी आणि डॉलीने, म्हणजे मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने, निघाले. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून लांब फळीने घासतात. उंचवट्यावरचा काळा रंग आधी जातो, खोलगट जागी राहतो. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते असं दिसतं. पुन्हा प्रायमर, पुन्हा काळा फवारा, पुन्हा घासणं, काळं कुठेच उरत नाही तोवर.

एवढं करण्यापेक्षा अख्खा नवा सांगाडाच का घेऊ नये? मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे नवे सांगाडे बनवायला सुरुवात केली. पार गेलेल्या कितीतरी गाड्या त्यामुळे परत रस्त्यावर आल्या आणि आजच्या या दुरुस्तीचे पत्रेही मिळू शकतात. पण जिचे खांब, तळ आणि बोगदा शाबूत आहेत, तिचा 1964 सालचा पत्रा टाकून देऊ नये असं आम्हाला वाटतं. खर्च बहुतेकदा गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जातो. 2018 पासून ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना सक्तीची वार्षिक तपासणी नाही, त्यामुळे सिल कुजलेत का हे आता मालकानेच बघायचं.

(दृश्य : आयरिस ब्लू रंगाचा पहिला हात.)

(निवेदन नाही.)

(दृश्य : लांब नळीचा फवारा सिलच्या आत जाताना. खालून मेण ठिबकतं.)

शेवटचं काम, जे कारखान्यात झालं नव्हतं. सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारतात. ते सांध्यांमध्ये झिरपतं. खालून ठिबकायला लागलं म्हणजे सगळीकडे पोहोचलं. ते घट्ट व्हायच्या आत निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करतात. नवं रबर बसलं आहे. मालकाला सांगितलं आहे : दर हिवाळ्यानंतर पुढची चाकं काढा, मडगार्डच्या आतला चिखल आणि मीठ पाण्याने धुवा, आणि तीच तार भोकांतून पुन्हा फिरवा. इंजिन आणि वायरिंगसाठी गाडी उद्या दुसऱ्या कार्यशाळेत जाईल.