आधी तोंडात बघा

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘हिरड्या आणि हृदय’ असा छापलाय, पण सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय, तरी तिच्या बाबतीतला माझा राग अजून गेलेला नाही.

मावशीचा लहानपणी घसा धरला, मग एकेक सांधा सुजला, आणि पुढे कळलं की हृदयाची झडप खराब झालीय. अशी झडपेची आजी तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात असेल. पन्नाशी उलटल्यावर तिला बारीक ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग कसकसायचं, जेवण जाईना, लुगडं कमरेवर ठरेना. एकाने टायफॉइड म्हटलं, दुसऱ्याने मलेरिया, तिसरा म्हणाला, ‘बायकांना या वयात होतंच.’ प्रत्येकाने पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा हजर. असे दोन महिने! छाती तपासली, पोट दाबलं, लघवी तपासली. तोंडात मात्र कुणी बॅटरी मारली नाही.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीला नखांखाली तांबूस रेघा दिसल्या. ती म्हणाली, ‘आजी, आ करा बरं.’ आत मोडलेली दाढ, मुळाशी पू. ठणका लागला की मावशी मशेरी दाबून धरायची. दाढ का काढली नाही? तर दाढ काढली की नजर जाते म्हणून! हसू नका, तुमच्यातले निम्मे हेच मानतात. दृष्टीची नस वेगळी, दाढेची वेगळी. तसंच दात साफ केल्यावर हलतात म्हणतात. अहो, ते आधीच हललेले असतात, किटणाने धरून ठेवलेले असतात इतकंच.

तर, दाढेतले जंतू रक्तात उतरले. धडधाकट झडपेवर ते सहसा टिकत नाहीत, खडबडीत झडपेवर घर करतात. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू उगवून बघायची तपासणी, गोळ्यांच्या आधी घ्यायचं असतं. मावशीच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, कारण गोळ्यांनी जंतू अर्धमेले केलेले. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेवरचा जंतूंचा गुंता दिसला तेव्हा उलगडा झाला. सहा आठवडे शिरेतून औषधं, मग झडप बदलली. वाचली. पण दोन महिने फुकट गेले, ते एक ‘आ करा’ न म्हटल्यामुळे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. बरं, मुख्य मुद्दा पटकन सांगतो.

मावशीचं दुखणं झडपेचं. हार्ट अटॅकचं गणित वेगळं आहे. 1989 मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी दाखवलं की अटॅक आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट असतात. पण तंबाखू आणि मधुमेह दोन्हीकडे नासाडी करतात, मग दोष कुणाचा? 2012 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळे अभ्यास चाळून सांगितलं: संबंध आहे, इतर कारणं वजा केली तरी उरतो, पण पायोरियामुळेच, म्हणजे हिरड्यांच्या जुन्या संसर्गामुळेच, अटॅक येतो हे सिद्ध नाही. माझंही मत तेच. 2007 च्या एका प्रयोगात पायोरिया बळावलेल्या 120 जणांपैकी साधारण निम्म्यांच्या हिरड्या खोलवर साफ केल्या, बाकीच्यांची नेहमीची वरवरची सफाई केली. निरोगी रक्तवाहिनी चांगली फुलते. दुसऱ्या दिवशी खोलवर साफ केलेल्यांच्या रक्तवाहिन्या बाकीच्यांपेक्षा कमी फुलल्या, सहा महिन्यांनी मात्र त्यांच्यापेक्षा चांगल्या. म्हणजे हिरडीची सूज हिरडीपुरती राहत नाही. तरीही ‘दात साफ करा, अटॅक टळेल’ असं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला एकदा जंतुसंसर्ग झाला असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरला सांगा. पेनिसिलिनची अॅलर्जी नसेल तर अर्धा ते एक तास आधी साधारण 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन देतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि जिना चढताना खालचा जबडा दुखला, बसल्यावर थांबला, तर माझ्याकडे येऊ नका, ते दुखणं हृदयाचं असू शकतं. आधी ईसीजी काढा.