सेल्फ घेत नाही

किल्ली फिरते आणि बॉनेटखालून बारीक 'टक्' येतो. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. इंजिन जागचं हलत नाही.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पेडण्याहून आलेली ही मारुती 800 सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली होती. धारगळ, कोलवाळचा पूल, सगळं सुरळीत. सामान घेऊन मंडळी परत येईपर्यंत गाडी तापलेल्या इंजिनावर उभी राहिली, आणि आता सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, घेत नाही. गार झाली की हीच गाडी काहीही न करता सुरू होईल. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टची हीच अडचण. गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत तो नाहीसा झालेला असतो.

मालक निवृत्त मास्तर. एका ठिकाणी त्यांना नवी बॅटरी घालून दिली, दुसऱ्या ठिकाणी सेल्फ उतरवून त्यातले कार्बन ब्रश बदलले. व्होल्ट मोजायचा मीटर कुणीच लावला नाही. मग गाडी आली या मेस्त्रींकडे.

हे मेस्त्री फॉल्ट दिसत नसताना गाडीला पाना लावत नाहीत. आधी गाडी फिरवून आणतात, इंजिन चांगलं तापू देतात, मग बॉनेट बंद ठेवून थांबतात. फॉल्ट आला की काम सुरू.

"मास्तर, हेडलाइट लावा आणि किल्ली मारा."

समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा. बॅटरी उतरलेली असती किंवा मोटर जाम असती, तर तो एकदम बसला असता. इथे तो जवळपास तसाच आहे. बॅटरीवर मीटर: 12.4 व्होल्ट. किल्ली मारल्यावर 12.2. म्हणजे मोटरने करंट ओढलेलाच नाही.

आता सेल्फवरची ही बारीक वायर. ती किल्लीकडून येते आणि सोलेनॉइडला, म्हणजे मोटरला करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचला, चालना देते. किल्ली मारलेली असताना तिच्या टोकाला 7 व्होल्ट. पाचेक व्होल्ट वाटेतच गळाले! गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीवरून एक वायर थेट त्या टर्मिनलला टेकवली, आणि इंजिन फिरलं. सेल्फ चांगला, जाड केबल चांगल्या, अर्थिंगही चांगलं.

मग शोध किल्लीच्या दिशेने. एकेका जोडावर मीटर, आणि दर वेळी किल्ली मारूनच. करंट वाहत नसेल तर कुजलेला जोडही पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. स्टिअरिंगखालच्या या कनेक्टरच्या एका बाजूला 11.8 आणि दुसऱ्या बाजूला 7.

तो उघडल्यावर काय दिसतं, जवळून बघा. प्लॅस्टिक करपलेलं, पितळी पट्टीवर हिरवट थर. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि बाराही महिने खारी हवा, तिथे जुन्या वायरिंगचं असं होतंच. 1983 साली रस्त्यावर आलेल्या या मॉडेलचं उत्पादन 2014 साली थांबलं. आज जी गाडी चालते आहे, तिच्या वायरिंगने बरेच पावसाळे काढलेले आहेत.

पण मग सकाळी गाडी सुरू कशी होते? तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. 50 अंश तापमान वाढलं तर साधारण 20 टक्के. गार असताना सोलेनॉइडची तांब्याची कॉइल कमी व्होल्टवरही कशीबशी ओढते. इंजिनाच्या धगीने तापली की तेवढ्याच व्होल्टवर तिच्यातून करंट कमी जातो, ओढ अपुरी पडते आणि नुसता टक् ऐकू येतो. दोष कनेक्टरचा, पण उघडा पडतो तो उष्णतेमुळे. सुटा सेल्फ टेबलावर तपासला तर तो उत्तमच चालणार.

कनेक्टर कापून नवा टाकला. शिवाय बॅटरीजवळ रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, आणि फ्यूज. आता किल्लीच्या वायरवर फक्त रिलेपुरता करंट जाईल, सोलेनॉइडचा भार नव्या जाड वायरवर.

गाडी विकायचं ठरत आलं होतं, ते बारगळलं. मास्तरीणबाईंना व्यायामासाठी दवाखान्यात नेणं पुन्हा सुरू झालं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मेस्त्री हा कागद चिकटवतात. बॅटरी किती, सोलेनॉइडवर किती, इंजिन गरम की गार, रिले कुठे बसवला. पुढे कुठल्याही गॅरेजात बॉनेट उघडलं, तरी तिथल्या माणसाला अंदाजाने पार्ट बदलावा लागू नये, म्हणून.