अंदाजातला ‘उद्या’ किती वाजता सुरू होतो?

(दृश्य: वेधशाळेचं ओलं आवार, गवतात पर्जन्यमापक)

सकाळचे साडेआठ. निरीक्षक नरसाळं उचलतो, आतली बाटली काढतो, पाणी मोजपात्रात ओततो आणि डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचतो. पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटीमीटरचं असेल, तर मोजपात्रही त्याच मापाचं लागतं. चुकून 100 चं घेतलं, तर पाऊस थेट दुप्पट!

ही वेळ देशभर एकच. ‘आज 70 मिलिमीटर’ म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस. हवामान विभागाच्या अंदाजातला दिवसही इथेच पालटतो. बुधवारच्या रकान्यातला पाऊस गुरुवारी पहाटे पाचला कोसळला, तरी अंदाज बरोबरच ठरतो.

(दृश्य: बुलेटिनमधली एक ओळ, जवळून)

‘तुरळक ठिकाणी मुसळधार.’ मुसळधार म्हणजे 64.5 ते 115.5 मिलिमीटर. 204.4 पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. पण खरी मेख ‘तुरळक’मध्ये आहे. तुरळक म्हणजे त्या हवामान उपविभागातली फार तर पाव केंद्रं. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण. महाराष्ट्र आणि गोवा मिळून उपविभाग चारच. कोकणाच्या उत्तर टोकाचं डहाणू आणि गोव्याच्या दक्षिण टोकाचं काणकोण एकाच उपविभागात. मथळ्यातून ‘तुरळक’ गाळला, की संध्याकाळी कोरड्या अंगणात उभं राहून लोक वेधशाळेला हसतात. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदले गेले, कुलाब्याला 75 सुद्धा नाहीत. तेही एकाच शहरात.

(दृश्य: पांढरी झडपांची पेटी, आत तापमापक)

उष्णतेचा हिशेब वेगळा. किनाऱ्यावर किमान 37, मैदानात 40 अंश, आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, तेव्हा ती लाट. पारा 45 ला टेकला, तर सरासरी बघायचीही गरज नाही. म्हणून मार्चमध्ये मुंबईचे 38 अंश लाटेच्या निकषात बसू शकतात, मे महिन्यात नागपूरचे 44 बसत नाहीत. त्यातही उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस हे घडावं लागतं. लाट जाहीर होते दुसऱ्या दिवशी. इशारा आधी येतो, शिक्का नंतर.

आकडा भलताच दिसला, तर आधी यंत्रावर संशय घ्यावा. मे 2024 मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते, दिल्लीतल्या मुंगेशपूरने 52.9. दोन्हीकडे दोष सेन्सरचा निघाला. देशातला अधिकृत उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा: 51 अंश, 19 मे 2016.

(दृश्य: धुरकट संध्याकाळ, थांबलेली वाहनं)

हवेचं घड्याळ तिसरंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा रोजचा हवा गुणवत्ता निर्देशांक दुपारी चारला येतो. तो मागच्या 24 तासांची सरासरी सांगतो, त्या घटकेची हवा नव्हे. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, म्हणजे ‘पीएम 2.5’ चं, प्रमाण दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल, तर आपला निर्देशांक 100, म्हणजे ‘समाधानकारक’. त्याच हवेला अमेरिकी पट्टी वापरणारं ॲप दीडशेच्या वर नेतं. दोन ॲप भांडतात ती बहुधा हवेवरून नव्हे, पट्टीवरून.

उद्याची हवा सांगताना धुराइतकंच वाऱ्याकडे बघतात. जमिनीवरची हवा किती उंचीपर्यंत घुसळली जाते, ते मीटरमध्ये घ्यायचं, आणि त्याला वारा सेकंदाला किती मीटर वाहतो त्या आकड्याने गुणायचं. उत्तर 6000 च्या खाली आणि वारा ताशी 10 किलोमीटरपेक्षा कमी, तर धूर तिथेच कोंडतो. हिवाळ्यात रात्री हा घुसळणाऱ्या हवेचा थर खाली बसतो, पहाटेही तो उठलेला नसतो. म्हणून सकाळी फिरायला निघणाऱ्याने काल दुपारी चारचा आकडा सोडावा आणि जवळच्या केंद्राचं ताज्या तासाचं पीएम 2.5 बघावं.